‘पोलिसी खाक्या दाखवताच दिली कबुली’: या कबुलीला कोर्टात किंमत किती?

गांजा पकडल्याची बातमी पेपरात आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं : ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ कधी कधी आरोपी ‘पोपटासारखा बोलू लागतो’. चहाच्या टपरीवर तेवढं वाचून पेपर खाली ठेवला जातो. त्यानं सोताच कबूल केलंय म्हणल्यावर कोर्टात आता राहिलं काय, असं लोक मला विचारतात.

मी नांदेडला फौजदारी वकिली करतो. हे वाक्य वाचलं की दर वेळी थांबतो, कारण माणसाला आधी धाक दाखवला आणि मग तो बोलला, हे बातमीदाराने त्यात स्वतःच लिहून टाकलेलं असतं. असा कबुलीजबाब कोर्टाने का वाचायचा नाही, त्याचं कायद्यानं दिलेलं कारणही नेमकं हेच आहे. लोकांना जो सगळ्यात पक्का पुरावा वाटतो, तो बहुतेक वेळा कोर्टात पुरावाच नसतो. अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होऊ शकते. तिथे हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

आधी कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याआधी १८७२ चा पुरावा कायदा होता. नव्या कायद्याचं कलम २२ सांगतं की धाक, आमिष, जबरदस्ती किंवा ‘तुला सोडून देतो’ अशा वचनातून आलेली कबुली चालणार नाही. कलम २३ त्याच्याही पुढे जातं. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही, मग ती मारून घेतलेली असो की चहा पाजून. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कोणाजवळ दिलेली कबुलीही चालत नाही, अपवाद फक्त मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष समोर असतील तर. जुन्या कायद्यात हीच कलमं २४, २५ आणि २६ होती. बाररूममध्ये अजूनही जुनेच आकडे बोलले जातात, त्यामुळे वकिलाने ‘पंचवीस’ म्हटलं तर गोंधळू नका.

हा अविश्वास आजच्या पोलिसांवर राग धरून आलेला नाही. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला आणि १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी पहिल्यांदा लिहिली गेली. १८७२ च्या कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी एका अनुभवी अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. त्याचा आशय असा : उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत लाल मिरची चोळणं सोपं पडतं. मे महिन्यात मराठवाड्यात तपासाला फिरलेल्या माणसाला या वाक्यातलं ऊन समजावून सांगायची गरज नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर हा केंद्रीय कायदा आपल्याकडे आला.

आता एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्याचे तुकडे मी निरनिराळ्या फायलींत पाहिले आहेत.

हैदराबादकडून देगलूरमार्गे एक टेम्पो नांदेडला येतो आहे. नारळाच्या पोत्यांखाली चोवीस किलो गांजा सापडतो. हा रस्ता मी उगाच निवडलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, आपल्याच नायगाव तालुक्यात आंध्रातून आलेल्या ट्रकमधून अकराशे किलोहून जास्त गांजा पकडला होता. आपल्या टेम्पोवाल्याकडचा माल चोवीस किलो, म्हणजे वीस किलोच्या वर, म्हणून ‘व्यावसायिक प्रमाण’. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार यासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, हीच रेषा अवघ्या पन्नास ग्रॅमवर आहे.

(जाता जाता वजनाचं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसता पाला आणि बिया गांजात धरत नाहीत. तुरीत किंवा कपाशीत लावलेली झाडं मुळासकट उपटून, मातीसकट काट्यावर टाकली, तर तो आकडा कोर्टात तपासून घ्यायलाच हवा.)

टेम्पोवाल्याला पीसीआर मिळतो, म्हणजे पोलीस कोठडी. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, ‘माल माझाच. लोह्याच्या एका पानटपरीवाल्यानं आणायला सांगितला होता. अजून पाच किलो माझ्या गोठ्यात कडब्याखाली ठेवलाय.’

या तीन वाक्यांचं कोर्टात काय होतं ते पाहू. ‘माल माझाच’ ही पोलिसांपुढची सरळ कबुली आहे, ती बाद. ‘गोठ्यात कडब्याखाली’ हे वाक्य मात्र वेगळं. कलम २३ च्याच परंतुकात, म्हणजे जुन्या सत्तावीसमध्ये, अशी सूट आहे की आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट खरोखर सापडली, तर त्या माहितीचा शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा वापरता येतो. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात याची मर्यादा आखून दिली आणि ती आजही चालते. ‘ज्या सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं तो छपरात आहे’ असं आरोपी म्हणाला आणि सुरा सापडला, तर एवढंच सिद्ध होतं की सुरा तिथे आहे हे त्याला माहीत होतं. ‘मी भोसकलं’ हे शब्द गाळायचे.

म्हणजे आपल्या टेम्पोवाल्याच्या जबाबातून उरतं ते इतकं : गोठ्यात कडब्याखाली पाच किलो माल आहे हे त्याला ठाऊक होतं. माल कुणाचा, कुणी आणायला सांगितला, विकायचा कुणाला, हे पोलिसांनी दुसऱ्या वाटेने सिद्ध करायचं. आणि गोठा आधीच झडलेला असेल, पोलिसांना जागा आधीच माहीत असेल, तर तो ‘शोध’ राहत नाही.

या एका सवलतीवर आपल्याकडचे कितीतरी खटले उभे असतात. म्हणून निवेदन पंचनामा म्हणजे काय ते जवळून सांगतो.

आरोपी पंचांसमोर पोलीस ठाण्यात माहिती देतो, ती त्याच्या शब्दांत लिहून घेतली जाते, पंचांच्या सह्या होतात, मग सगळे मिळून त्या जागी जातात आणि तिथे जप्तीचा पंचनामा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात हीच पद्धत पुन्हा समजावून सांगितली : आरोपीचे नेमके शब्द, आणि ते बोलले जाताना पंच हजर.

काही वर्षांपूर्वी एका खटल्यात माझ्यासमोर तीन आरोपींचे तीन निवेदन पंचनामे होते. एक तांड्यावरचा ऊसतोड मजूर, घरी गोरमाटी बोलणारा. दुसरा सीमेपलीकडचा, त्याला तेलुगू आणि मोडकी हिंदी येत होती. तिसरा नांदेडातला, दखनी बोलणारा पोरगा. तिघांचे जबाब एकच : ‘मी माझे स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता निवेदन करतो की, सदरचा मुद्देमाल मी लपवून ठेवला असून तो मी काढून देतो, आपण माझ्यासोबत चला.’ स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. उलटतपासात मी पंचाला विचारलं, हा माणूस कुठल्या भाषेत बोलत होता? पंच बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘साहेबांनी लिहून ठेवलं होतं, मी सही केली.’

‘सदरचा मुद्देमाल’ हे शब्द कुठल्याही मजुराच्या तोंडून येत नाहीत. ते ठाण्यात जबाब लिहून घेणाऱ्या रायटरचे आहेत. आणि आरोपीचे नेमके शब्द कागदावर नसतील, तर त्यातला कोणता भाग घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे न्यायाधीशांनी ठरवायचं कशावरून?

आता एनडीपीएसमधला खास भाग. तो तीस वर्षं चुकीच्या बाजूला होता असं माझं ठाम मत आहे.

टेम्पो आपल्या एलसीबीने, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने पकडला तर पकडणारे पोलीसच असतात, त्यांच्यापुढची कबुली कधीच चालत नव्हती. पण तोच टेम्पो एनसीबीने किंवा डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडला तर? एनडीपीएस कायद्याच्या कलम ६७ खाली हे अधिकारी कुणालाही बोलावून विचारपूस करू शकतात. १९९० मध्ये राजकुमार करवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीआरआयचे अधिकारी ‘पोलीस अधिकारी’ नाहीत. २००८ मध्ये कन्हैयालाल प्रकरणात म्हटलं की कलम ६७ खालचा जबाब कबुली म्हणून वापरता येतो. परिणाम काय, तर त्याच रस्त्यावर, त्याच मालासाठी, त्याच कायद्याखाली, खाकी वर्दीतल्या माणसापुढचा जबाब शून्य आणि साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यापुढचा जबाब दहा वर्षांची शिक्षा द्यायला पुरेसा.

२९ ऑक्टोबर २०२० ला तोफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालाने हे संपवलं. न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. नवीन सिन्हा यांनी बहुमताने सांगितलं की ज्या अधिकाऱ्यांना एनडीपीएसच्या कलम ५३ खाली तपासाचे अधिकार दिलेत ते पुरावा कायद्याच्या दृष्टीने पोलीस अधिकारीच आहेत, आणि कलम ६७ खालचा जबाब खटल्यात कबुली म्हणून वापरता येणार नाही. न्या. इंदिरा बॅनर्जी यांनी वेगळं मत दिलं. त्यांच्या मते हे अधिकारी पोलीस नाहीत आणि हा कायदा ज्या घातक व्यापाराला आळा घालण्यासाठी केला, त्याचा विचार व्हायला हवा. त्या मतामागची काळजी खरी आहे. पैठणच्या एमआयडीसीत कारखान्यावर धाड पडते, तुळजापूरसारख्या देवीच्या गावात एमडीचं प्रकरण निघतं, संभाजीनगरच्या गल्ल्यांत ‘बटन’ गोळ्या खाऊन पोरं वाया जातात. कुणाही आईबापाला वाटतं की पकडलेला सुटू नये.

पण याच पोरांच्या बाजूने पाहा. व्यसनी माणूस कोठडीत गेला की त्याचं शरीर नशा मागतं. हेरॉईनसारख्या अफूजन्य नशेत शेवटच्या डोसनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत अंगदुखी, उलट्या, घाम, झोप उडणं सुरू होतं. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याला तर फिट येऊ शकते. अशा माणसापुढे कागद ठेवला आणि ‘सही कर, डॉक्टरकडे नेतो’ म्हटलं, तर तो काय वाचणार आहे? जो नशा करत नाही तोही दोन रात्री जागा ठेवला, ‘बायकोलाही आणून बसवू का’ असं कानावर घातलं, तर बोलतो. विचारणाऱ्याला जे ऐकायचंय ते त्याला प्रश्नातूनच कळलेलं असतं. खरं आणि खोटं एकाच आवाजात बाहेर येतं. ऐकणाऱ्याला फरक कळायला मार्ग नसतो, आणि कायद्याने हा जबाब बाजूला ठेवायचं कारणच ते आहे.

दुसरीही बाजू आहे, ती तपास करणाऱ्यांनी मनावर घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. कबुली मिळाली की तपास थांबतो. फोनचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागवले जात नाहीत, बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार काढले जात नाहीत, टोलनाक्याच्या नोंदी आणल्या जात नाहीत. एनडीपीएसच्या कलम ५२ए प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढायचे राहून जातात. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, नागरिक सुरक्षा संहितेने, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, ते अर्धवट होतं. मग खटल्यात पंच फितूर होतो, कबुली बाद होते आणि फाईलमध्ये काही उरत नाही. ज्याने टेम्पोत माल भरून दिला तो मोठा व्यापारी त्या फाईलमध्ये कधी आलेलाच नसतो.

लोह्याचा पानटपरीवाला

टेम्पोवाल्याच्या राहिलेल्या वाक्याकडे अजून आपण पाहिलंच नाही. त्यानं नाव घेतलं. आपल्याकडे ‘नाव घेतलं’ या दोन शब्दांवर माणसं आत जातात.

सहआरोपीची कबुली दुसऱ्याविरुद्ध विचारात घेता येते असं नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम २४ म्हणतं, पण त्यासाठी ती कबुली मुळात कायद्याने चालणारी हवी आणि दोघांचा खटला एकत्र चालायला हवा. तरीही तेवढ्यावर शिक्षा नाही. १९६४ च्या हरिचरण कुर्मी निकालापासून नियम पक्का आहे : आधी दुसरा पुरावा पाहायचा, तो पटला तर आधाराला म्हणून अशी कबुली घ्यायची. सुरुवात तिथून करायची नाही. पोलिसांपुढे घेतलेलं नाव तर या पायरीपर्यंतही पोचत नाही. ते तपासाला दिशा म्हणून ठीक. टपरीवाल्याकडे काही सापडलं नाही, पैशाचा व्यवहार नाही, तर निकालाच्या दिवशी तो सुटायला हवा.

अडचण निकालाच्या दिवसापर्यंतची आहे. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात एनडीपीएसचं कलम ३७ म्हणतं की आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री झाल्याशिवाय जामीन नाही. दोषारोपपत्राला इतर बहुतेक गुन्ह्यांत साठ किंवा नव्वद दिवस असतात, इथे एकशे ऐंशी, आणि कोर्टाच्या परवानगीने एक वर्षापर्यंत. म्हणजे ज्या वाक्याला पुरावा म्हणून किंमत नाही, त्याच्या जोरावर टपरीवाला सहा महिने हर्सूलला किंवा नांदेडच्या तुरुंगात बसू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इथे एका रेषेत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये एनसीबी बंगळुरूच्या पल्लुलाबिद प्रकरणात कोर्टाने म्हटलं की फक्त कलम ६७ च्या जबाबांवर झालेल्या अटका तोफान सिंगच्या विरोधात जातात, आणि जामीन कायम ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणाच्या समर्थ कुमार प्रकरणात मात्र सांगितलं की अटकपूर्व जामिनाच्या वेळी या निकालाचा फायदा मागू नका, नियमित जामिनाच्या किंवा अंतिम सुनावणीच्या वेळी मागा. त्याच महिन्यात मोहित अग्रवाल प्रकरणात जबाब बाजूला ठेवूनही दुसरा पुरावा होता म्हणून जामीन रद्द झाला. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात, सहआरोपीच्या सांगण्यावरून अडकलेला तरुण सात वर्षांहून जास्त काळ आत होता. खटला रेंगाळतोय आणि माणूस आत सडतोय तर कलम ३७ आडवं येऊ द्यायचं नाही, असं म्हणून कोर्टाने त्याला सोडलं. तेवीस वर्षांचा असताना तो आत गेला होता.

म्हणून टपरीवाल्याच्या घरच्यांनी वकिलाकडे आल्या आल्या विचारायचा प्रश्न एकच : नाव घेतल्याशिवाय आमच्या माणसाविरुद्ध फाईलमध्ये काय आहे?

कबुली द्यायचीच असेल तर

खरंच पश्चात्ताप झालेला माणूसही असतो. त्याच्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोरची वाट आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३, जुनं १६४. तिथे पोलीस बाहेर उभे राहतात. मॅजिस्ट्रेट आधी सांगतात की बोलायचं तुमच्यावर बंधन नाही आणि बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. विचार करायला वेळ दिला जातो. माणसाने ऐनवेळी नको म्हटलं, तर त्यानंतर त्याला पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. ही शेवटची तरतूद फार शहाणपणाची आहे, कारण ‘नको’ म्हणाल्यावर रात्री कुणाच्या ताब्यात जायचं या भीतीनेच माणूस ‘हो’ म्हणतो.

अटक झाल्यावर घरच्यांना कळवणं, अटकेची कारणं सांगणं, वैद्यकीय तपासणी, चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, हे सगळं कायद्यात आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला, पैसे असोत नसोत, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर लक्षात ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांबरोबर एनसीबी, डीआरआयच्या कार्यालयांतही सीसीटीव्ही लावायला सांगितलं आहे. मारहाणीची तक्रार असेल तर ते चित्रीकरण जपून ठेवा असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा. उशीर झाला की ते पुसलं जातं.

आणि एक जागा आहे जी आमचे पक्षकार सगळ्यात जास्त वेळा हातची घालवतात. रिमांडला उभं केलं की मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ मी शेकडो वेळा पाहिलंय. माणूस आधी शेजारच्या शिपायाकडे बघतो, मग खाली बघतो आणि मान हलवतो. ‘तक्रार नाही’ असं लिहिलं जातं आणि पुढचा पुकारा होतो. तीन वर्षांनी तोच माणूस कोर्टात सांगतो की मला मारून सही घेतली. सरकारी वकील तो पहिल्या दिवसाचा कागद काढतात आणि विचारतात, ‘मग त्या दिवशी साहेबांना का नाही सांगितलं?’

हल्ली मी रिमांडच्या आधी दोन मिनिटं मागून घेतो आणि आरोपीच्या कानात त्याच्या भाषेत एवढंच सांगतो : साहेब विचारतील तेव्हा माझ्याकडे बघ, शिपायाकडे नको, आणि जे झालं असेल ते बोल.